घोड्याचा डोळा बरा होतो आणि परत बिघडतो, असं का? युव्हायटिसबद्दल सगळं

घोडा सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रकार कधी ना कधी भेटतोच. सकाळी बघावं तर एका डोळ्यातून पाण्याची धार लागलेली, पापणी अर्धी मिटलेली, उजेडात आणला की मान फिरवतोय. आपण म्हणतो काडी गेली असेल, माशी चावली असेल, कोणीतरी कपाटातून ड्रॉप्स काढून घालतं, चार-पाच दिवसांत डोळा उघडतो आणि विषय संपतो. मग दोन-तीन महिन्यांनी तोच डोळा, तेच पाणी. परत ड्रॉप्स, परत बरा. असं करत करत एक दिवस डोळ्यात आत काहीतरी पांढुरकं दिसायला लागतं आणि डॉक्टर सांगतात की मोतीबिंदू झालाय, ह्या डोळ्याने त्याला आता फारसं दिसत नाहीये.

मालक हादरतो, कारण त्याच्या हिशोबाने प्रत्येक वेळी डोळा बरा झाला होता. सगळा घोळ नेमका तिथेच आहे. ह्या आजाराचं पूर्ण नाव इक्वाइन रिकरंट युव्हायटिस, मी पुढे नुसतं युव्हायटिस म्हणेन. जगभरात घोडे आंधळे होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, तरी कितीतरी लोकांनी नावही ऐकलेलं नसतं. मी स्वतः असा डोळा असलेली घोडी सांभाळतो, आणि मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हे की दोन अटॅकच्या मधले जे शांत दिवस असतात, ते खरे शांत नसतात, आणि डोळा वाचवायचं बरंचसं काम त्याच दिवसांत करायचं असतं.

आत नक्की बिघडतं काय

जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांमधे घोड्याचा डोळा सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्याच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो, त्याला युव्हिया म्हणतात. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याचा पुढचा भाग, त्याच्या मागे डोळ्यातलं पाणी तयार करणारा आणि बारीक स्नायू असलेला भाग, आणि सगळ्यात मागे रेटिनाला रक्त पुरवणारा भाग. हा थर सुजला की झाला युव्हायटिस. म्हणजे डोळा "आला" असं आपण म्हणतो तेव्हा सूज बाहेरच्या पातळ त्वचेला असते, इथे सूज आतमधे असते आणि म्हणून ती वरवर बघून कळत नाही.

एरवी डोळ्याचा आतला भाग रक्तापासून जरा राखून ठेवलेला असतो, शरीराची फौज, म्हणजे इम्यून सिस्टिमच्या पेशी, आत सहज शिरू शकत नाहीत. एकदा कशाने तरी हा अडसर मोडला की पेशी आत येतात आणि मग गोष्ट बिघडते. बिल्डिंगच्या वॉचमनचं उदाहरण घ्या. एकदा लाल शर्टातला चोर आत शिरला, पकडला गेला, प्रकरण मिटलं, पण वॉचमनच्या डोक्यात लाल शर्ट पक्का बसला आणि आता तो बिल्डिंगमधे राहणाऱ्या लाल शर्टवाल्यालाही काठी मारतोय. डोळ्यात तेच होतं. काही जंतूंच्या अंगावरची प्रोटीन्स आणि डोळ्यातली स्वतःची प्रोटीन्स दिसायला मिळतीजुळती असतात, इम्यून सिस्टिम जंतूशी लढायला शिकते आणि मग जंतू असो नसो, डोळ्यावरच हल्ला करत राहते. आणि एकदा आत आलेल्या काही पेशी तिथेच मुक्काम ठोकतात, अटॅक संपला तरी जात नाहीत.

म्हणून हा आजार परत परत येतो. प्रत्येक अटॅकमधे थोडं नुकसान होतं जे भरून येत नाही, बाहुलीचा पडदा मागच्या लेन्सला चिकटतो, लेन्स गढूळ होते, रेटिनावर व्रण पडतात. पूर्वी लोकांना वाटायचं की हे चंद्राच्या कलेप्रमाणे येतं-जातं, चौथ्या शतकातल्या रोमन लिखाणातसुद्धा तसा उल्लेख आहे. १८१९ मधे जेम्स वॉर्ड्रॉप नावाच्या स्कॉटिश सर्जनने त्याचं नीट वर्णन केलं. चंद्राचा संबंध नाही, पण येण्या-जाण्याचं निरीक्षण मात्र त्या जुन्या लोकांचं अगदी बरोबर होतं.

पण सुरुवात होते कशाने?

ह्याला एकच उत्तर नाही आणि बऱ्याच घोड्यांमधे शेवटपर्यंत कळतही नाही. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो लेप्टोस्पायरा ह्या जंतूचा. हाच जंतू माणसांना लेप्टो करतो. उंदीर, जंगली प्राणी, गुरं ह्यांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि घोडा ते पाणी पितो किंवा त्यात उभा राहतो. गंमत नाही तर त्रासाची गोष्ट ही की इन्फेक्शन झालं तेव्हा घोडा जेमतेम एक-दोन दिवस मलूल असतो, आपल्या लक्षातही येत नाही, आणि डोळा बिघडतो तो कित्येक महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी. त्यामुळे दोन्ही गोष्टींचा संबंध कोणी जोडतच नाही. रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे डोळ्याचं कारण तेच असं नक्की म्हणता येत नाही कारण संपर्क कितीतरी घोड्यांना आलेला असतो, डोळ्याच्या आतल्या पाण्याची टेस्ट जास्त भरवशाची, पण ती सगळीकडे आणि प्रत्येक केसमधे केली जात नाही.

दुसरं कारण जन्मजात. अपालूसा जातीच्या घोड्यांना, म्हणजे ते पांढऱ्यावर ठिपके असलेले, हा आजार बाकीच्यांपेक्षा खूप जास्त होतो. अमेरिकेत १९९५ मधे ३७२ घोड्यांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात अपालूसांना युव्हायटिस होण्याची शक्यता इतर घोड्यांच्या ८ पटीहून जास्त निघाली. आणि लेप्टोची टेस्ट पॉझिटिव्ह असलेले जे अपालूसा होते, ते पहिल्या अटॅकनंतर ११ वर्षांत सगळेच्या सगळे निदान एका डोळ्याने आंधळे झाले. ज्यांची जातही दुसरी आणि टेस्टही निगेटिव्ह, त्यांच्यात हे प्रमाण ३४ टक्के होतं. ठिपक्यांचा जो जीन आहे त्याच्याशीच हा धोका जोडलेला दिसतो, म्हणून ठिपक्यांच्या दुसऱ्या जाती, उदाहरणार्थ नॅबस्ट्रपर, त्याही ह्यात येतात.

"आमचा घोडा काही अपालूसा नाही" असं म्हणून निश्चिंत राहू नका हं. ३४ टक्के म्हणजे युव्हायटिस झालेल्या त्या घोड्यांतलाही साधारण तीनातला एक आंधळा झाला, आणि युव्हायटिस कुठल्याही जातीला होऊ शकतो. फक्त ठिपक्यांच्या घोड्यात तो बऱ्याचदा वेगळ्या पद्धतीने येतो. पाणी नाही, दुखणं दिसत नाही, आत हळूहळू सूज चालू राहते आणि मालकाला कळतं ते थेट घोडा दाराला धडकायला लागल्यावर. म्हणून अशा घोड्याचे डोळे काही दिसत नसलं तरी वर्षातून एक-दोनदा डॉक्टरकडून तपासून घ्यायलाच पाहिजेत.

एक प्रश्न सगळे विचारतात, एका घोड्याचं दुसऱ्याला लागतं का? युव्हायटिस लागत नाही. लेप्टोचा जंतू मात्र एकाच पाण्यातून अनेकांना मिळू शकतो, आणि माणसांनाही, तेवढी काळजी घ्या.

पापण्यांचे केस बघा

घोडा दुखणं लपवतो. पण वरच्या पापणीचे केस लपवू शकत नाही. घोड्याच्या बरोबर समोर उभं राहायचं, दोन्ही हातांनी हॉल्टर हलकेच धरून मान सरळ करायची आणि दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांचे केस एकमेकांशी ताडून बघायचे. निरोगी डोळ्याचे केस जवळजवळ आडवे, बाहेरच्या दिशेला असतात. दुखऱ्या डोळ्याचे केस खाली झुकतात, कधी कधी अगदी जमिनीकडे. पाणी यायच्या आधी, सूज यायच्या आधी हे दिसतं. आमची घोडी चंदी नीट खात असते, कान पुढे असतात, सगळं छान, आणि केस एवढेसे खाली आलेले असतात. मी तेवढ्यावर डॉक्टरांना फोन करतो आणि मला कधीही तो फोन उगाच केला असं वाटलेलं नाही.

बाकीची लक्षणं म्हणजे बाहुली एरवीपेक्षा बारीक होणं, अंधारातसुद्धा ती न उघडणं, डोळ्यावर निळसर झाक, बाहुली आणि डोळ्याची समोरची पारदर्शक काच (कॉर्निया) ह्यांच्या मधलं पाणी गढूळ दिसणं, तळाशी पिवळट गाळ किंवा रक्त. बाहुलीच्या वरच्या कडेला जे काळे-तपकिरी गोळे लोंबताना दिसतात ते मात्र नॉर्मल आहेत, बरेच लोक ते बघून घाबरतात. उलट जुन्या युव्हायटिसमधे तेच गोळे झिजून सपाट होतात, ती काळजीची गोष्ट.

आणखी एक, घोडा अचानक एका बाजूने बिचकायला लागला, संध्याकाळच्या उजेडात अडखळायला लागला, ओळखीच्या फाटकातून जायला नको म्हणायला लागला तर त्याला "नाटकं करतोय" म्हणून चाबूक दाखवू नका. आधी डोळे तपासा. अशा घोड्यावर बसणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो.

घरात पडलेले ड्रॉप्स घातले तर काय बिघडलं?

खूप बिघडतं. युव्हायटिसचं मुख्य औषध स्टेरॉइड ड्रॉप्स आहे, प्रेड्निसोलोन नाहीतर डेक्सामेथासोन. पण डोळ्यातून पाणी आणि पापणी मिटलेली, हे चित्र डोळ्याच्या काचेला ओरखडा पडला असेल तरी अगदी तसंच दिसतं. आणि ओरखड्यावर स्टेरॉइड पडलं तर जखम भरायची थांबते, जंतू माजतात आणि काच अक्षरशः वितळून डोळा काही दिवसांत कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे डॉक्टर आधी डोळ्यात हिरवट-पिवळा चमकणारा रंग घालतात, त्याला फ्लुरेसिन म्हणतात, जखम असेल तिथे तो रंग धरून राहतो. रंग धरला नाही तरच स्टेरॉइड. ही टेस्ट प्रत्येक अटॅकला नव्याने व्हायला पाहिजे, मागच्या वेळी केली होती हे चालत नाही, कारण युव्हायटिसवाला घोडा डोळा घासत असतो आणि घासून घासून ओरखडा पाडून घेऊ शकतो.

मग डॉक्टर डोळ्यातलं प्रेशर मोजतात. युव्हायटिसमधे ते सहसा कमी होतं. जुन्या केसमधे ते वाढलेलं सापडलं तर काचबिंदूची शंका, आणि तिथे उपचाराची सगळी दिशा बदलते.

दुसरं औषध अ‍ॅट्रोपिन. आतले स्नायू आखडलेले असतात, त्यानेच घोड्याला सगळ्यात जास्त दुखतं, अ‍ॅट्रोपिनने ते सैल पडतात आणि बाहुली मोठी होते, म्हणजे पडदा लेन्सला चिकटायचा धोका कमी. बाहुली किती सहज उघडतेय ह्यावरून सूज किती आहे त्याचा अंदाजही येतो. पण ह्याच औषधाने आतड्यांची हालचाल मंदावू शकते आणि घोड्यात कॉलिक, म्हणजे पोटात कळा येणं, किती गंभीर असतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू असेपर्यंत लीद रोज बघायची, किती वेळा टाकली, नेहमीसारखी ओलसर आहे का कोरडे गोळे आहेत, पोटात गुरगुर ऐकू येते का. लीद कमी वाटली तर पुढचा डोस घालायच्या आधी फोन. आणि आपल्या हाताला लागलेलं अ‍ॅट्रोपिन आपल्या डोळ्यात गेलं तर आपली बाहुलीही मोठी होऊन नजर धूसर होते, हात धुवा किंवा ग्लोव्हज घाला.

तिसरं, पोटातून किंवा इंजेक्शनने सूज-दुखणं कमी करणारं औषध, बहुतेक वेळा फ्लुनिक्सिन. ते जास्त दिवस दिलं तर पोटात अल्सर आणि किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून घोडा पाणी नीट पितोय ना हे बघायचं आणि त्याच्या जोडीला फिनाइलब्युटाझोनसारखं दुसरं तसलंच औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही.

औषध थांबवायची घाई

इथेच सगळ्यात जास्त डोळे जातात असं माझं ठाम मत आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळा उघडतो, घोडा ड्रॉप्सला कंटाळलेला, मोतद्दार कंटाळलेला, आपणही, आणि ट्यूब फ्रिजमधे जाते. आत सूज अजून असते. सर्वसाधारण नियम असा की डोळा पूर्ण शांत दिसायला लागल्यावरही निदान दोन आठवडे औषध चालू ठेवायचं, आणि तेही एकदम बंद नाही, दिवसातून चार वेळा असेल तर तीन, मग दोन, मग एक, मग एक दिवसाआड. डॉक्टर जो क्रम लिहून देतील तो तबेल्याच्या भिंतीवर लावा कारण डोक्यात ठेवलेलं चुकतंच. कमी करताना मधेच केस परत झुकले तर आधीच्या डोसवर जायचं आणि कळवायचं.

एक वही ठेवा. कुठल्या तारखेला कुठला डोळा, त्याआधीच्या आठवड्यात काय झालं होतं, लस दिली होती का, जंताचं औषध, लांबचा प्रवास, खूप ऊन, नवीन घोडा आला. काही घोड्यांमधे लसीनंतर अटॅक येताना दिसतो, मग डॉक्टर सगळ्या लसी एकाच दिवशी न देता वेगवेगळ्या करतात. लस बंद करायची असा ह्याचा अर्थ नाही, धनुर्वाताने घोडा मरतो. मोबाईलवर दोन्ही डोळ्यांचा समोरून एक फोटो दर आठवड्याला काढून ठेवला तर फार उपयोग होतो, रोज बघणाऱ्या माणसाला सावकाश होणारा बदल दिसत नाही.

हजार पौंड वजनाचं जनावर आणि एक थेंब

सांगायला सोपं, पण दुखऱ्या डोळ्यात दिवसातून कितीतरी वेळा औषध घालायचं म्हणजे घोड्याच्या मनात आपल्याबद्दल राग बसायचा पुरेपूर चान्स. घोड्याची पापणी मिटायची ताकद जबरदस्त असते, बोटांनी ओढून उघडेल ह्या भ्रमात राहू नका. मला जमलेली पद्धत सांगतो. समोर उभं राहायचं नाही, खांद्याजवळ बाजूला. आधी गालावरून हात फिरवत वर न्यायचा, एकदम डोळ्यावर नाही. तळहाताची मनगटाकडची बाजू गालाच्या हाडावर टेकवून ठेवायची म्हणजे त्याने मान हलवली तर हातही सोबत हलतो आणि ट्यूबचं टोक डोळ्याला लागत नाही. अंगठ्याने वरची पापणी भुवईच्या हाडाकडे हलकी दाबायची, खालची पापणी जरा खाली, मधे जो खिसा तयार होतो त्यात मलमाची छोटी रेघ. स्वच्छ बोटावर मलम घेऊन ते खालच्या पापणीच्या आत लावलं तरी चालतं, थेंबांपेक्षा मलम जास्त वेळ टिकतं. झाल्यावर लगेच सोडून देऊ नका, मानेवर खाजवा, गाजराचा तुकडा द्या, आणि कधीतरी नुसतंच डोळ्याजवळ हात नेऊन औषध न घालता गाजर द्या.

तरी जमत नसेल तर जबरदस्तीने नाक आवळून रोज मारामारी करण्यापेक्षा डॉक्टरांना बारीक नळीबद्दल विचारा. ती पापणीतून बसवून आयाळीत वेणी घालून मागे आणतात, आपण मानेजवळून औषध ढकलायचं, डोळ्याला हात लावायचाच नाही. मालकांना बघून भीती वाटते पण घोड्यासाठी ती फार सोपी गोष्ट आहे.

कायमचा इलाज आहे का?

मुळापासून बरा करणारा नाही. अटॅक कमी करणारे आहेत. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध इम्यून सिस्टिमला आवरतं, पण ड्रॉप्स म्हणून घातलं तर घोड्याच्या डोळ्यात आतपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत त्याची एक चपटी छोटी टिकली तयार झाली, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागाखाली ऑपरेशनने ठेवतात आणि तिच्यातून काही वर्षं औषध झिरपत राहतं. परिणाम सुरू व्हायला महिना-दीड महिना लागतो. ती बसवायची अट अशी की डोळा त्या वेळी शांत हवा आणि अजून दिसत असायला हवं, म्हणजे फार नुकसान झाल्यावर तिचा उपयोग नाही. बघा, परत तोच मुद्दा, शांत दिवसांत निर्णय घ्यावा लागतो.

जर्मनीत डोळ्यातला मागचा जेलीसारखा पदार्थ धुऊन काढायचं ऑपरेशन बरंच केलं जातं, डोळ्यात लेप्टो सापडला असेल तर त्याचे रिझल्ट चांगले येतात. डोळ्यात अगदी कमी डोसचं जेंटामायसिन इंजेक्शन हाही एक मार्ग आहे, तुलनेने सोपा, पण त्याने मोतीबिंदू किंवा रेटिनाला इजा व्हायचा धोका असतो. ह्यातलं कुठलं हे डोळ्यांचा स्पेशालिस्ट व्हेटच ठरवू शकतो. आणि "मोतीबिंदू काढून टाका" असं सुचवणारे खूप भेटतात, पण युव्हायटिसमुळे झालेला मोतीबिंदू काढला तरी आतली सूज राहतेच, त्यामुळे अशा डोळ्यात ते ऑपरेशन बहुतेक वेळा करत नाहीत.

तबेल्यात काय बदलायचं

फ्लाय मास्क घ्या, शक्यतो ऊन अडवणारा, आणि रोज काढून आतून बघा. मास्क चढवला आणि आठवडाभर विसरला तर आत धूळ, गवताचं बी अडकून डोळाच खरवडला जातो, आणि झुकलेले केसही दिसत नाहीत. अ‍ॅट्रोपिन चालू असताना मास्क किंवा सावली लागतेच, कारण उघडलेली बाहुली उन्हात मिटत नाही. गवत उंच जाळीत टांगू नका, खाली द्या, वरून कुसं आणि धूळ सरळ डोळ्यात पडते. पाण्याची डबकी बुजवा, उंदरांपासून दाणा झाकून ठेवा. बाहेर आलेले खिळे, तारांची टोकं, बादल्यांचे कडीचे हुक हे सगळं डोळ्याच्या उंचीवर जाऊन बघा. आणि नाका-डोळ्याभोवतीचे लांब स्पर्शाचे केस कापू नका, नजर कमी होत असलेल्या घोड्याला त्यांचाच आधार असतो. जागतिक अश्वक्रीडा महासंघानेही १ जुलै २०२१ पासून ते केस कापलेल्या घोड्याला स्पर्धेत बंदी केली आहे. स्पर्धेत उतरवणाऱ्यांनी औषधांचंही आधी विचारा, स्टेरॉइडसारख्या औषधांवर निर्बंध असतात.

डोळा काढणं म्हणजे क्रूरपणा नाही का?

हा प्रश्न लोक रडवेल्या आवाजात विचारतात, आणि मला तो समजतो. पण दोन गोष्टी वेगळ्या करा, न दिसणं आणि दुखणं. न दिसण्याशी घोडा जुळवून घेतो. दुखण्याशी घेत नाही, तो फक्त गप्प राहतो. ज्या डोळ्याने दिसत नाही आणि जो आठवड्यामागून आठवडे दुखतोय, तो वाचवत बसणं हे आपल्या समाधानासाठी असतं. असा डोळा काढल्यावर कित्येक घोडे थोड्याच दिवसांत जास्त खायला लागतात, मोकळे वागायला लागतात, आणि तेव्हा मालकाला कळतं की तो किती दुखणं घेऊन उभा होता. बऱ्याचदा हे ऑपरेशन भूल देऊन आडवा न पाडता, गुंगीचं औषध देऊन आणि जागा बधिर करून उभ्या-उभ्या होतं.

दोन्ही डोळे मिळून घोड्याला जवळजवळ ३५० अंशात दिसतं. एक गेला की ती बाजू कोरी होते, म्हणून त्या बाजूने जाताना आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. बाकी बहुतेक घोडे कामाला परत लागतात. अ‍ॅडव्हेंचर द कानान नावाच्या एका डोळ्याच्या घोड्याने २०१४ मधे इंग्लंडमधली हिकस्टेड डर्बी जिंकली, आणि ती उड्यांची शर्यत सोपी मानली जात नाही.

दोन्ही डोळे गेले तर? अमेरिकेतला एंडो नावाचा अपालूसा युव्हायटिसमुळेच दोन्ही डोळे काढावे लागलेला, त्याच्या मालकिणीने त्याला धीर देत देत इतकं तयार केलं की आंधळ्या घोड्याच्या उडीचा १०६ सेंटिमीटरचा गिनेस रेकॉर्ड त्याच्या नावावर आहे. प्रत्येक घोडा एंडो नसतो हेही खरं. नजर हळूहळू गेलेले घोडे चांगले जुळवून घेतात, एकदम गेलेले घाबरतात, स्वतःला आपटतात. त्यांना रोजची ठरलेली जागा लागते, पाण्याची बादली इकडची तिकडे करायची नाही, काटेरी तार अजिबात नाही, कुंपणाच्या आत चार पावलं वाळूचा किंवा खडीचा पट्टा ठेवला की पायाला कळतं पुढे कुंपण आहे. त्रास न देणारा एक शांत सोबती हवा, त्याच्या गळ्यात घंटा. "पायरी", "थांब", "मागे" असे ठरावीक शब्द नजर असतानाच शिकवायला लागा. एवढं करूनही काही महिन्यांनी घोडा सतत घाबरलेलाच राहत असेल, खात नसेल, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं हे त्याला टाकून देणं नाही.

विकताना सांगायचं का, पिल्लं घ्यायची का

सांगायचंच. शांत काळात डोळा साध्या नजरेला चांगला दिसतो आणि त्याचा फायदा घेऊन विकणारे आहेत, पण घेणाऱ्याच्या हातात औषधांचा क्रम आणि ती वही नसेल तर पुढचा अटॅक तो काडी गेली समजून सोडून देणार आणि डोळा जाणार. घेणारे असाल तर खरेदीआधीच्या तपासणीत अंधाऱ्या खोलीत, बाहुली मोठी करून डोळे बघायला सांगा, लेन्सवरचे पडद्याचे काळे ठसे आणि रेटिनावरचे व्रण तिथेच सापडतात. ठिपक्यांच्या जातीत आता त्या जीनची टेस्ट करता येते, ज्याच्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत त्याला धोका जास्त आणि शिवाय रातांधळेपणही असतं, तेव्हा जोडी लावताना दोन्ही बाजूंनी ठिपक्यांचा हट्ट धरण्याआधी ती टेस्ट करून घ्या. युव्हायटिस असलेला घोडा, मग तो कुठल्याही जातीचा असो, मी तरी ब्रीडिंगला लावणार नाही.